बर्मिंगहॅमचा 'ट्रोजन हॉर्स': एक निनावी पत्र, २१ शाळा आणि एक नाटक

नोव्हेंबर २०१३. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या सिटी कौन्सिलच्या (आपल्या भाषेत महापालिकेच्या) नेत्याच्या हातात एक निनावी पत्र पडलं. चार पानं, तीही झेरॉक्स. तारीख नाही, सही नाही, सुरुवात मधूनच आणि शेवटही तुटलेला. लिहिणारा जणू बर्मिंगहॅमचा एक मुस्लिम माणूस आहे आणि तो ब्रॅडफर्डमधल्या आपल्या साथीदाराला सांगतोय की आम्ही इथल्या शाळा कशा ताब्यात घेतल्या, तुम्ही तिकडे कशा घ्यायच्या. मुस्लिम वस्तीतली कमजोर शाळा शोधायची, काही पालकांना चिथवायचं, समितीत आपली माणसं घुसवायची, मुख्याध्यापकाला जेरीला आणायचं आणि निनावी तक्रारी करत राहायच्या. या सगळ्याला पत्रात नाव दिलेलं होतं 'ऑपरेशन ट्रोजन हॉर्स'.

आज हे पत्र बनावट होतं असंच बहुतेक सगळे मानतात. पण मार्च २०१४ मध्ये ते सनडे टाइम्सपर्यंत पोचलं, तिथून बाकी पेपरांत, टीव्हीवर, आणि मग पार्लमेंटमध्ये. पुढे जे झालं त्यात २१ शाळांची तपासणी झाली, शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, देशाचा कायदा बदलला. आणि चार वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा फ्रिंज या मोठ्या नाट्यमहोत्सवात, समरहॉलमध्ये, याच नावाचं नाटक उभं राहिलं, लंग नावाच्या छोट्या नाटक कंपनीचं, लीड्स प्लेहाउसच्या साथीने.

मी स्वतः हौशी नाटक करणारी, आणि गेली काही वर्षं माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळतोय की पेपरांनी आणि टीव्हीने एखाद्या समाजाचं चित्र पक्कं करून टाकलं असेल तर नाटक नेमकं काय करू शकतं. "चांगले मुस्लिम पण असतात बघा" असं दाखवणं हे उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण त्यात आरोप मान्य करून मग माणसाकडून चांगुलपणाचं सर्टिफिकेट मागितल्यासारखं होतं. या नाटकाने वेगळी वाट धरली म्हणून हे प्रकरण नीट, सगळं, अडचणीच्या जागांसकट लिहितेय. मोठं आहे, पण वाचा.

शाळा काय होती

बर्मिंगहॅमच्या पूर्वेला अॅलम रॉक नावाची वस्ती आहे. बहुतेक कुटुंबं पाकिस्तानी मुळाची, कष्टकरी, गरीब. तिथली पार्क व्ह्यू शाळा १९९६ मध्ये इतकी वाईट अवस्थेत होती की तिला 'स्पेशल मेझर्स'मध्ये टाकलेलं, म्हणजे सरकारने नापास ठरवलेली शाळा. सोळाव्या वर्षी जी जीसीएसई परीक्षा होते त्यात चांगले पाच विषय काढणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. ताहिर आलम हे त्याच भागातले, त्याच शाळेत शिकलेले, ते गव्हर्नर झाले आणि पुढे अध्यक्ष. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समिती असते ना तसंच, बिनपगारी काम, पण तिकडे अधिकार बरेच जास्त.

पुढच्या पंधरा वर्षांत शाळेचं पार रूप पालटलं. २०१२ पर्यंत चारातली तीन मुलं ते पाच विषय काढायला लागली, आणि ही मुलं कोण तर जवळपास सगळी मुस्लिम, सत्तर टक्क्यांहून जास्त मुलं फुकट जेवणाच्या योजनेतली. जानेवारी २०१२ मध्ये शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेने शाळेला 'आउटस्टँडिंग' हा सगळ्यात वरचा शेरा दिला. ऑफस्टेडचे प्रमुख स्वतः येऊन तोंडभरून कौतुक करून गेले. शाळा अकॅडमी झाली, म्हणजे कौन्सिलच्या हाताखालून निघून थेट शिक्षण खात्याशी जोडली गेली, आणि मग सरकारच्याच संमतीने शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने शेजारच्या दोन ढासळलेल्या शाळा, नॅन्सन प्रायमरी आणि गोल्डन हिलॉक, चालवायला घेतल्या.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. कारण दोनच वर्षांनी 'यांनी एकामागून एक शाळा बळकावल्या' असं जे म्हटलं गेलं त्यातल्या दोन शाळा सरकारनेच यांच्या हातात दिलेल्या होत्या.

बातमीत काय उरलं

एप्रिल २०१४ मध्ये शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांनी चौकशीला पीटर क्लार्क यांना नेमलं. क्लार्क म्हणजे लंडन पोलिसांच्या दहशतवादविरोधी विभागाचे माजी प्रमुख. शाळेच्या कारभाराची चौकशी करायला दहशतवादाचा तपास करणारा माणूस! त्या भागाच्या पोलीस प्रमुखांनीसुद्धा या नेमणुकीबद्दल जाहीर नापसंती दाखवली होती, कारण लोक यातून काय अर्थ काढणार हे त्यांना दिसत होतं. आणि तसंच झालं. चौकशीत काय सापडेल ते सापडेल, पण कोणाला पाठवलं यावरूनच लोकांनी निकाल लावून टाकला.

९ जून २०१४ ला ऑफस्टेडने २१ शाळांचे रिपोर्ट प्रसिद्ध केले, पाच शाळा नव्याने स्पेशल मेझर्समध्ये, त्यात पार्क व्ह्यूसुद्धा. जवळपास अडीच वर्षांपूर्वीची सर्वोत्तम शाळा आता सगळ्यात खालच्या पायरीवर. त्याच सुमारास गोव्ह आणि गृहमंत्री थेरेसा मे यांच्यात उघड भांडण पेटलं की अतिरेकी विचार रोखण्यात ढिलाई कोणाची, गोव्हना माफी मागावी लागली, मे यांच्या सल्लागाराला राजीनामा द्यावा लागला. आता विचार करा, दोन बडे मंत्री 'कोण जास्त कडक' याच्यावरून भांडतायत आणि त्या भांडणाचा विषय म्हणून अॅलम रॉकची तेरा-चौदा वर्षांची मुलं रोज सकाळी कॅमेऱ्यांच्या समोरून शाळेत जातायत.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते म्हणून जरा थांबते. इंग्लंडमध्ये कायद्यानेच सरकारी शाळेत रोज सामूहिक प्रार्थना सक्तीची आहे आणि ती मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची असावी असं १९८८ चा कायदा सांगतो. शाळेतली मुलं दुसऱ्या धर्माची असतील तर स्थानिक धर्मशिक्षण समितीकडे अर्ज करून सूट घेता येते आणि आपल्या धर्माप्रमाणे प्रार्थना घेता येते. पार्क व्ह्यूने ती सूट रीतसर घेतलेली होती, नव्वदच्या दशकापासून. म्हणजे शाळेत इस्लामी पद्धतीची प्रार्थना होत होती हा लपूनछपून केलेला प्रकार नव्हता, कागदोपत्री परवानगीने चाललेली गोष्ट होती. पण 'सरकारी शाळेत इस्लामी प्रार्थना' एवढं एकच वाक्य वाचलं तर कसं वाटतं? कटाचा पुरावाच वाटतो. कायदा बातमीत आलाच नाही किंवा आला तर तेराव्या परिच्छेदात आला जिथपर्यंत कोणी जात नाही.

लँकेस्टर विद्यापीठात पॉल बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश पेपरांमधला १९९८ ते २००९ मधला मुस्लिम आणि इस्लामबद्दलचा मजकूर कॉम्प्युटरने तपासला होता, १४ कोटींहून जास्त शब्द. त्यात दिसलं की 'मुस्लिम' या शब्दाच्या आजूबाजूला संघर्षाचे शब्द सारखे येतात, आणि 'मुस्लिम जग', 'मुस्लिम समाज' असे गठ्ठ्याने बोलणारे शब्द फार. एकेक माणूस दिसतच नाही, गठ्ठाच दिसतो. अॅलम रॉकच्या बाबतीत हाच गठ्ठा वापरला गेला.

त्यात ते नाव. ट्रोजन हॉर्स म्हणजे ट्रॉय शहराच्या वेशीवर भेट म्हणून ठेवलेला लाकडी घोडा, पोटात शत्रूचे सैनिक. या उपमेत एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे आतली माणसं बाहेरची आहेत, परकी आहेत, शहर त्यांचं नाही. इथे घोड्याच्या पोटात कोण होतं? त्याच शहरात जन्मलेली मुलं, त्याच शहरात टॅक्सी चालवणारे, दुकानं चालवणारे त्यांचे आईबाप. २०११ च्या जनगणनेत बर्मिंगहॅमच्या पाचातला एक माणूस मुस्लिम होता. एका नावाने या सगळ्यांना वेशीबाहेर नेऊन उभं केलं.

मग निष्पन्न काय झालं

जुलै २०१४ मध्ये क्लार्क यांचा रिपोर्ट आला. हिंसक दहशतवादाचा पुरावा नाही असं त्यांनीच लिहिलं, पण काही शाळांमध्ये संगनमताने, जाणीवपूर्वक, असहिष्णू आणि आक्रमक धार्मिक वातावरण आणलं गेलं असा ठपका ठेवला. मार्च २०१५ मध्ये पार्लमेंटच्या शिक्षण समितीने म्हटलं की एक सुटा प्रसंग सोडला तर अतिरेकीपणाचा पुरावा सापडलेला नाही, देशभर पसरलेल्या कटाचाही नाही, आणि एकाच वेळी चाललेल्या इतक्या चौकशा एकमेकांवर आदळत होत्या यावरही त्यांनी टीका केली.

तरी तोपर्यंत सगळ्या शाळांवर 'ब्रिटिश मूल्यं' शिकवण्याची सक्ती आली होती, आणि जुलै २०१५ पासून शिक्षकांवर 'प्रिव्हेंट'ची कायदेशीर जबाबदारी आली, म्हणजे वर्गातलं कोणतं पोर अतिरेकी विचारांकडे चाललंय का यावर नजर ठेवायची. सप्टेंबर २०१५ मध्ये ताहिर आलम यांच्यावर शाळा चालवण्यात भाग घ्यायला बंदी आली.

शिक्षकांवरच्या शिस्तभंगाच्या केसेस मात्र कोसळल्या. मे २०१७ मध्ये पाच वरिष्ठ शिक्षकांविरुद्धची मुख्य केस सुनावणी करणाऱ्या पॅनेलनेच थांबवली, का तर सरकारी वकिलांच्या बाजूने क्लार्क चौकशीतल्या साक्षीदारांच्या जबाबांच्या नोंदी बचाव पक्षाला दिल्याच नव्हत्या. प्रक्रियेचा दुरुपयोग असं पॅनेलने स्पष्ट म्हटलं. पण सुटका तांत्रिक कारणाने झाली ना, त्यामुळे हे शिक्षक निर्दोष आहेत असं कोणी म्हटलं नाही आणि दोषी आहेत हेही सिद्ध झालं नाही. आणि ती बातमी किती छोटी होती! आरोप पहिल्या पानावर आणि केस पडल्याची बातमी आतल्या पानात, हे आपल्यालाही काही नवीन नाही.

नाटकाला जागा इथे मिळाली.

नाटक कसं बनलं

लंग ही कंपनी हेलन मंक्स आणि मॅट वुडहेड या दोघांनी २०१२ मध्ये यॉर्कशरमधल्या बार्न्सलीत सुरू केली. त्यांचं काम 'व्हर्बाटिम' पद्धतीचं, म्हणजे शब्दशः नाटक. घडलेल्या घटनेतल्या खऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्ड करायच्या, शब्द न शब्द उतरवून काढायचे आणि त्यातूनच संवाद बांधायचे. नाटककाराने स्वतःच्या मनाने वाक्यं घालायची नाहीत, फक्त निवडायचं, कापायचं, जोडायचं. याआधी त्यांनी १९८५ च्या ब्रॅडफर्ड फुटबॉल स्टेडियमच्या आगीवर असंच नाटक केलं होतं. ब्रिटनमध्ये या पद्धतीची चांगली परंपरा आहे, लंडनच्या ट्रायसिकल थिएटरने चौकशी आयोगांच्या नोंदींवरून नाटकं केली, २००४ मध्ये ग्वांटानामो या अमेरिकी तुरुंगातल्या कैद्यांवरही केलं.

ट्रोजन हॉर्ससाठी जवळपास २०० तासांच्या मुलाखती झाल्या, जोडीला सरकारी कागदपत्रं, भाषणं, सुनावण्यांच्या नोंदी.

ही पद्धत बातमीपेक्षा वेगळी कशी हे एका उदाहरणाने सांगते. उदाहरण माझं आहे, नाटकातलं नाही. समजा एक शिक्षक मुलाखतीत म्हणाला, "हो, आम्ही मुलांना नमाजाला वेळ द्यायचो, म्हणजे... जेवणाच्या सुट्टीत बरं का, ज्याला यायचं तो यायचा, नाही आला तर... नाही, कोणी विचारायचं नाही." बातमीत हे कसं येईल? "आम्ही मुलांना नमाजाला वेळ द्यायचो, शिक्षकाची कबुली." खोटं काहीच नाही, शब्द त्याचेच आहेत. पण वाक्य अर्ध्यात कापलं आणि 'कबुली' हा शब्द आपला जोडला की तो माणूस आरोपी झाला. शब्दशः नाटकात नटाला ते अडखळणं, ते 'म्हणजे', तो मधला थांबा सगळं पाठ करावं लागतं. नट त्या थांब्यापाशी खरंच थांबतो. आणि प्रेक्षकाला त्या दोन सेकंदांत कळतं की हा माणूस शब्द जपून वापरतोय कारण याआधी त्याचे शब्द त्याच्यावरच उलटलेत.

माझ्या मते या नाटकाचं मुख्य काम हेच आहे. कोणाला चांगलं-वाईट न ठरवता त्याने माणसांना त्यांची पूर्ण वाक्यं परत दिली. ज्यांना बातमीत दोन शब्द मिळाले होते त्यांना मंचावर दहा मिनिटं मिळाली.

मंचावर

पाच नट आणि शाळेतली डेस्कं, नेपथ्य म्हणावं तर एवढंच. तेच नट विद्यार्थिनी होतात, शिक्षक होतात, गव्हर्नर होतात, कौन्सिलमधली अधिकारी होतात, तपासायला आलेले लोकही तेच. डेस्क सरकवलं की वर्ग, ओळीत लावलं की सुनावणी. आपल्याकडे पथनाट्य केलेल्या कोणालाही हे लगेच ओळखीचं वाटेल. आणि याचा नुसता पैसे वाचवण्यापलीकडे अर्थ आहे बरं, जो चेहरा आत्ता आरोपी होता तोच दोन मिनिटांनी मंत्र्याचं भाषण बोलतोय हे दिसल्यावर 'मुस्लिम चेहरा म्हणजे अमुक भूमिका' हे डोक्यातलं गणित आपोआप सुटं होतं. ब्रिटनमधले दक्षिण आशियाई नट वर्षानुवर्षं सांगत आलेत की टीव्हीवर आम्हाला बॉम्बवाला, त्याचा भाऊ, किंवा दुकानदार याच्यापलीकडे काम मिळत नाही. इथे त्यांना एका प्रयोगात अख्खं शहर व्हायला मिळालं.

त्याच २०१८ साली ब्रिटनमध्ये 'रिझ टेस्ट' नावाची एक साधी चाचणी आली, नट रिझ अहमद यांनी २०१७ मध्ये पार्लमेंटमध्ये केलेल्या भाषणावरून सुचलेली. सिनेमा-सिरियलमध्ये ओळखू येणारं मुस्लिम पात्र असेल तर पाच प्रश्न विचारायचे. ते दहशतवादाबद्दल बोलतंय, त्यात सापडलंय किंवा ते करतंय का? विनाकारण संतापलेलं आहे का? अंधश्रद्ध, मागास, आधुनिकतेच्या विरोधात आहे का? पाश्चात्त्य जगण्याला धोका म्हणून दाखवलंय का? पुरुष असेल तर बायकांचा द्वेष करणारा आणि बाई असेल तर पुरुषांनी दाबलेली आहे का? एकाचं जरी उत्तर हो आलं तर चाचणीत नापास.

आता गंमत नाही, गंभीरपणे सांगते, ही चाचणी ट्रोजन हॉर्सला सरळ लावली तर ते नापास होईल! कारण नाटकभर दहशतवाद हा शब्द घुमतोच, धोका हा शब्द घुमतोच. फरक एवढाच की इथे तो शब्द पात्राच्या आतून येत नाही, बाहेरून त्याच्यावर फेकला जातो, आणि आपण बघतो की तो अंगावर पडल्यावर माणसाचं काय होतं. विद्यार्थिनीचं काय होतं, शिक्षकाच्या घरी काय होतं. म्हणून मला वाटतं साचा मोडायचा तर साच्याचं नाव न घेणं हा एक मार्ग झाला, पण साचा हातात धरून तो कसा ओतला, कोणी ओतला, कधी गार झाला हे दाखवणं हा जास्त खोल मार्ग आहे. चाचणी चांगलीच आहे, पण ती मोजायला आहे, नाटक लिहायला नाही.

एडिनबरामध्ये या नाटकाला अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा फ्रीडम ऑफ एक्स्प्रेशन अवॉर्ड मिळाला. २०१९ मध्ये देशभर दौरा झाला, बर्मिंगहॅमलाही प्रयोग झाले. आणि दौऱ्यात एक सोय केलेली होती जी मला सगळ्या बक्षिसांपेक्षा मोठी वाटते, हेडफोनवर उर्दूतून नाटक ऐकण्याची. का ते बघा. ज्या आयांच्या मुलांबद्दल सगळा देश बोलत होता त्यातल्या कितीतरी जणींचं इंग्रजी कामापुरतं. बातम्या त्यांच्याबद्दल होत्या पण त्यांच्यासाठी नव्हत्या. थिएटरमध्ये बसून कानाला हेडफोन लावून आपल्याच गल्लीची गोष्ट आपल्या भाषेत ऐकायची, आणि शेजारच्या खुर्चीत कोणी गोरा माणूस तीच गोष्ट इंग्रजीत ऐकतोय. पेपरवाल्याने कधी असा विचार केला का की ज्याच्याबद्दल मी लिहितोय तोही माझा वाचक आहे?

अडचणीच्या जागा

नाटक आवडलं म्हणून यातल्या अवघड गोष्टी झाकायच्या हे मला जमणार नाही.

क्लार्क रिपोर्टमध्ये 'पार्क व्ह्यू ब्रदरहुड' या व्हॉट्सअॅप ग्रुपचे मेसेज आहेत, शाळेतल्या पुरुष शिक्षकांचा ग्रुप. त्यात समलिंगी लोकांबद्दल घाण भाषा आहे, बोस्टनचे बॉम्बस्फोट आणि लंडनच्या वुलिच भागातली सैनिकाची हत्या हे सगळं बनाव होतं असं म्हणणारे मेसेज आहेत. हे पत्रातलं नाही, हे खरंच लिहिलेलं आहे. मुलांना शिकवणाऱ्या माणसांनी हे लिहावं हे वाईटच, आणि शाळेतल्या काही बायकांनी, काही शिक्षकांनी तिथल्या वातावरणाबद्दल केलेल्या तक्रारीही उडवून लावण्यासारख्या नाहीत. मुलींना वर्गात मागे किंवा वेगळं बसवलं जायचं अशा तक्रारी होत्या, त्या नीट तपासल्या जायला हव्या होत्या, शाळेच्या तक्रारी म्हणून.

माझं म्हणणं इथेच आहे. सनातनी विचारांचे शिक्षक, घराणेशाहीसारखा कारभार, मुख्याध्यापकांवर दबाव, हे सगळं जगातल्या कुठल्याही शाळेत होतं, आपल्या गावच्या शिक्षण संस्थांमध्ये काय कमी बघितलंय आपण? पण तिथे आपण त्याला संस्थेचं राजकारण म्हणतो, पोलीस अधिकारी पाठवून राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न करत नाही. साचा काय करतो तर चुकीचं वजन बदलतो. तीच चूक दुसऱ्या माणसाने केली तर चूक आणि याने केली तर कट.

या प्रकरणात ज्यांना शाळेतल्या पुराणमतवादी माणसांचा खरोखर त्रास झाला त्यांचं काय, असा प्रश्न विचारणारे लोक आहेत आणि तो रास्त प्रश्न आहे. शब्दशः नाटक झालं तरी कोणाची वाक्यं ठेवायची आणि कोणाची कापायची हे शेवटी कोणीतरी ठरवतंच. २०० तासांतले दीडएक तास मंचावर येतात, बाकीचं जमिनीवर पडतं. पेपरच्या संपादकाच्या हातात जी कात्री आहे तीच यांच्याही हातात आहे. फरक हा की नाटकाची कात्री सुरुवातीलाच सांगते की मी मुलाखतींवरून बनले आहे, आणि प्रयोगानंतर लोक त्याबद्दल भांडू शकतात.

दुसरी जागा, मंक्स आणि वुडहेड दोघंही गोरे, मुस्लिम नाहीत. मुस्लिमांची गोष्ट सांगायला पुन्हा मध्ये दुसरंच कोणीतरी? मला याचं एकच एक उत्तर सापडत नाही. शब्द त्या माणसांचे आहेत, बोलणारे नट त्या समाजांतून आलेत, हे जमेला धरलं पाहिजे. पण त्याच काळात मुस्लिम नाटककारांना काय अनुभव येत होता हे बघितलं तर चित्र पुरं होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये लंडनच्या नॅशनल यूथ थिएटरने 'होमग्रोन' नावाचं नाटक उघडायला दोन आठवडेसुद्धा उरले नसताना रद्द केलं. लेखक ओमर एल-खैरी, दिग्दर्शक नादिया लतीफ, आणि ११२ तरुण नट, सगळे १५ ते २५ वयाचे. लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या तीन शाळकरी मुली इसिसमध्ये सामील व्हायला सीरियाला पळून गेल्या होत्या त्या घटनेतून सुचलेलं, एका शाळेतच होणारं नाटक. आधीची शाळा स्थानिक कौन्सिलच्या आक्षेपानंतर हातची गेली, दुसरी शोधली, मग नाटकच बंद. नंतर माहिती अधिकारात संस्थेच्या प्रमुखांचा एक ईमेल बाहेर आला त्यात लेखक-दिग्दर्शकांच्या 'अतिरेकी अजेंड्या'बद्दल चिंता व्यक्त केलेली होती. म्हणजे साच्याबद्दल नाटक करायला गेले आणि त्याच साच्यात स्वतः बसवले गेले.

दोन गोऱ्या लेखकांना तीन वर्षांनी जे उभं करता आलं ते या दोघांना करता आलं नाही. याचा दोष लंगला देता येत नाही, त्यांनी मिळालेली मोकळीक चांगल्या कामाला लावली. पण ती मोकळीक कोणाला मिळते हा प्रश्न ट्रोजन हॉर्सच्या यशानंतरही तसाच पडून आहे. ते ११२ पोरं-पोरी पाठांतर करून, तालमी करून, उघडायच्या तोंडावर घरी गेले. ज्यांनी कधी महिनाभर तालीम केलीय त्यांना हे वाचताना पोटात तुटेल.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. एडिनबरा फ्रिंजला येणारा प्रेक्षक बहुतेक आधीच सहानुभूती असलेला, सुशिक्षित. सनडे टाइम्सने लाखो लोकांपर्यंत जे पोचवलं ते एका छोट्या हॉलमधल्या प्रयोगाने पुसलं जाईल असं मी म्हणत नाही, आकड्यांची बरोबरीच नाही. पण गोष्ट जिवंत राहिली. २०१७ मध्ये केस पडली तेव्हा ती संपल्यात जमा होती, समाजशास्त्रज्ञ जॉन होमवुड आणि थेरेस ओटूल यांनी प्रकरणाची पुराव्यानिशी चिरफाड करणारं पुस्तक काढलं तेही २०१८ चंच, आणि मग २०२२ मध्ये 'सीरियल' ही पॉडकास्ट कंपनी आणि न्यू यॉर्क टाइम्स यांचा आठ भागांचा पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवर ऐकायचा कार्यक्रम, आला. त्यात पत्रकार हमजा सय्यद, जे स्वतः बर्मिंगहॅमचे, यांचा पहिलाच प्रश्न असा होता की ते पत्र लिहिलं कोणी. इतक्या चौकशा झाल्या, इतके साहेब येऊन गेले, पण ज्या कागदावरून हे सगळं सुरू झालं तो कोणी लिहिला हे शोधायची कोणाला घाई नव्हती. आजही ते अधिकृतपणे ठरलेलं नाही.

पार्क व्ह्यू आता त्या नावाने नाही. फाटकावर रॉकवुड अकॅडमी अशी पाटी आहे. गोल्डन हिलॉकचंही नाव बदललं. २०१४ मध्ये जी मुलं तिथे आठवी-नववीत होती ती आता पंचविशीच्या आसपास आहेत, नोकरी करतायत, काहींची लग्नं झाली असतील. त्यांच्या शाळेचं तेव्हाचं नाव गूगलवर टाकलं की पहिल्यांदा अजूनही तो घोडाच येतो. पण आता थोडं खाली गेलं की त्या नाटकाचं पानही सापडतं, एकाच डेस्कभोवती उभ्या असलेल्या नटांच्या फोटोसकट.